पाटीवरचा झ

ग्राफिक डिझाइनचं काम करणाऱ्याच्या हातून दिवसभरात पुष्कळ काही घडतं, पण त्यातलं त्याचं स्वतःचं फार थोडं असतं. पापडाच्या पाकिटाचा रंग मालकाच्या पसंतीचा, लग्नपत्रिकेतला गणपती मुलीच्या काकांच्या पसंतीचा, वाढदिवसाच्या फलकावरच्या चेहऱ्यांचा क्रम कार्यकर्त्यांनी ठरवलेला. यात तक्रार नाही. एकाचं म्हणणं दुसऱ्याला नीट दिसेल असं मांडून देणं हाच या कामाचा धर्म, आणि मला तो मनापासून आवडतो. पण वर्षानुवर्षं हेच केलं की हात सराईत होतो आणि डोळे आळसावतात. कोणता फाँट कुठे बसतो हे पाठ झालेलं असतं. अक्षराकडे बघावंच लागत नाही. यादीतून फाँटचं नाव निवडलं की काम भागतं. रोज एक अक्षर काढायचं मी मनावर घेतलं ते या आळसावलेल्या डोळ्यांसाठी.

रोज काहीतरी काढायची अशी आव्हानं जगभरच्या डिझाइनरांमध्ये आता चांगली रुळली आहेत. बार्सिलोनाच्या नीना सान्स आणि राफा गोइकोएचेआ यांनी २०१४ मध्ये ‘३६ डेज ऑफ टाइप’ सुरू केलं. रोमन लिपीतली २६ अक्षरं आणि १० अंक, रोज एक. त्याआधी, २००९ मध्ये, अमेरिकेतल्या जेसिका हिशने ‘डेली ड्रॉप कॅप’ या नावाने कामाच्या प्रत्येक दिवशी परिच्छेदाच्या सुरुवातीला शोभेल असं एक मोठं नक्षीदार अक्षर काढायला घेतलं आणि पूर्ण वर्णमाला बारा वेळा काढली. पुढे पेंग्विनने तिच्याकडून २६ पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी अक्षरं काढून घेतली. प्रत्येक मुखपृष्ठावर लेखकाच्या आडनावाचं आद्याक्षर, पहिलं ऑस्टिनचं. माइक विंकलमन, म्हणजे ज्याला सगळे बीपल म्हणतात तो, १ मे २००७ पासून रोज एक चित्र पूर्ण करत आला. पहिल्या ५००० दिवसांची चित्रं एकत्र जोडलेलं त्याचं काम मार्च २०२१ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात ६ कोटी ९३ लाख डॉलरना गेलं. ती किंमत त्या महिन्यांतल्या बाजाराची होती, असं माझं मत आहे. मला त्यात मोठं वाटतं ते तेरा वर्षांहून अधिक काळ रोज संध्याकाळी पुन्हा रिकाम्या पडद्यासमोर येऊन बसणं.

पण या सगळ्यांत मला सर्वांत पटलं ते मायकेल बेरूटचं सांगणं. येल विद्यापीठात तो विद्यार्थ्यांना एवढंच सांगायचा: डिझाइनची अशी एक कृती निवडा जी रोज करता येईल, आणि शंभर दिवस करा. रेचेल बर्गर या विद्यार्थिनीने रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या नमुन्याच्या पट्ट्या घेतल्या. रोज न बघता एक पट्टी उचलायची आणि त्या रंगावर लिहायचं. झॅक क्लॉकने रोज एक पोस्टर केलं, एका मिनिटात. यातली मेख त्या ‘कृती’त आहे. ‘रोज काहीतरी सुंदर करा’ असं कोणी सांगितलं तर आठवड्याभरात माणूस थकतो, कारण रोज सकाळी आज काय करायचं इथपासून सुरुवात करावी लागते. कृती ठरलेली असली की सुचण्याची वाट बघावी लागत नाही. पट्टी उचलली की काम सुरू.

मग माझी कृती कोणती? देवनागरीत ३६चा हिशेब लागत नाही. स्वर, व्यंजनं, क्ष आणि ज्ञ धरले की अंकांना हात लावण्याआधीच ३६ मागे पडतात; आणि तरीही काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, जोडाक्षरं सगळी शिल्लकच. आकडा हा काही मोठा प्रश्न नव्हता. मला फुलापानांनी, रंगांनी सजवलेलं अक्षर नको होतं. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा ज्यांनी दिल्या त्यांना भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर आठवत असेल. पट्टीने चौकटी आखायच्या आणि अक्षर त्या चौकटीत उभं करायचं. त्या पेपरात नक्षीला गुण नव्हते. अक्षर सरळ उभं आहे का, शेजारच्या अक्षराएवढं आहे का, दोघांमधली जागा सारखी आहे का, एवढंच पाहिलं जायचं. मला तेच परत करायचं होतं, पण चौकट बाहेरच्या जगातून आणून.

म्हणून नियम केले. दिवसाचं अक्षर आधी ठरलेलं असेल. ते त्याच दिवशी, घराबाहेर किंवा घरात, कशावर तरी लिहिलेलं शोधायचं: छापलेलं, रंगवलेलं, कोरलेलं, कसंही. फोनमध्ये फोटो घ्यायचा, पण रात्री जेवणं झाल्यावर ते कागदावर हातानेच उतरवायचं. काळ्या रंगात. आणि झोपण्याआधी वहीत त्या अक्षराखाली ठिकाण लिहायचं. क्रमही वर्णमालेचा घेतला नाही. बालवाडीत मुलांना ग, म, भ, न असं शिकवतात, कारण या अक्षरांची ठेवण सारखी. एक हाताला बसलं की दुसरं सोपं जातं. मी तसंच घेतलं. आधी ग म भ न, मग व ब क, मग प ष फ, मग ट ठ ढ. शिकवणाऱ्यांनी ही वाट फार विचाराने काढलेली आहे. आकाराच्या नात्याने अक्षरं घेतली की ग आणि म यांच्यात नेमकं काय वेगळं आहे हे काढणाऱ्याला त्याच आठवड्यात कळतं.

त्याच दिवशी पाहिलेलंच काढायचं, या नियमाला आपल्याकडे एक सुरेख आधार आहे. गोव्यातल्या लोटलीचे मारिओ मिरांडा तरुणपणी रोज डायरी लिहीत, आणि लिहीत म्हणण्यापेक्षा चितारत. गावातली लग्नं, चर्च, बस, पाद्री, शेजारीपाजारी, दिवसभरात जे डोळ्यांसमोर आलं ते रात्री पानावर. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्यांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. त्या चाळताना जाणवतं की व्यंगचित्रकार मारिओ पुढे ज्या गर्दीसाठी ओळखले गेले, ती प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी चाललेली गर्दी, त्या रोजच्या पानांतच तयार होत होती. ना गिऱ्हाईक, ना संपादक. फक्त दिवस आणि पान.

पुण्यात ठ शोधावा लागत नाही. सदाशिव, नारायण, शनिवार, रविवार, कुठल्याही पत्त्यात पेठ आहेच, आणि पिठाच्या गिरण्या आहेत. झ मला अवघड जाईल असं वाटलं होतं. तो झेरॉक्सच्या दुकानांनी गल्लोगल्ली उभा करून ठेवला आहे. छ छत्रपतींच्या नावात, ढ ढोल-ताशा पथकांच्या फलकांवर, घ घरगुती खानावळीच्या पाटीवर, फ फरसाणाच्या. ‘वाङ्मय’ लिहिलेली ग्रंथालयाची पाटी नसती तर ङ सापडला नसता. ञ मात्र रस्त्यावर कुठेही मिळाला नाही. वर्णमालेच्या तक्त्यात त्याची जागा पक्की आहे, पण पाटीवर त्याला काम नाही. शेवटी तो घरातल्या, निर्णयसागर छापखान्याच्या एका जुन्या संस्कृत पुस्तकात भेटला, ‘पञ्च’ या शब्दात. हा शोधच मला आधी न कळलेली गोष्ट शिकवून गेला. कोणतं अक्षर शहरात किती वावरतं, कोणत्या धंद्याच्या आधाराने वावरतं, कोणतं आता फक्त पुस्तकात उरलं आहे, हे रोज रस्त्याने चालताना कळत गेलं. वीस वर्षं ज्या रस्त्याने मी ये-जा करते आहे, त्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या मी पूर्वी वाचल्या होत्या, पाहिल्या नव्हत्या.

त्या झबद्दल थोडं सांगायला हवं. जुन्या हिंदी पुस्तकांत अ, झ आणि ण या अक्षरांची वळणं वेगळी दिसतात. देवनागरीची मुंबईची एक धाटणी होती आणि उत्तरेकडची दुसरी. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे रेखीव टाइप एकोणिसाव्या शतकापासून संस्कृत ग्रंथांबरोबर देशभर गेले आणि मुंबईचं वळण लांब लांब पोचलं. पुढे प्रमाण हिंदीनेही अ, झ, ण आपल्याच धाटणीचे घेतले. ल आणि श मात्र तिकडचे तिकडे राहिले, आपले आपल्याकडे. आपल्या ल ला दोन पाकळ्या आहेत. आज बऱ्याच फाँटांत मराठी लिहायला घेतलं की आधी हिंदी वळणाचा ल आणि श समोर येतात. मराठी वळणाची सोय त्याच फाँटच्या पोटात असते, पण ती चालू करावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती चालू केलीच जात नाही. लच्या दिवशी मी हाताने रंगवलेल्या आणि संगणकावर केलेल्या पाट्या शेजारी शेजारी पाहिल्या. रंगवलेल्या पाटीवर ल आपल्या पाकळ्यांसकट होता. नव्या पाटीवर नव्हता. पेंटरला कोणी मराठी वळण चालू करायला सांगितलं नव्हतं. ते त्याच्या हातातच होतं.

आता ळ. जेसिका हिशसारखी परिच्छेदाच्या आरंभी शोभतील अशी अक्षरं मराठीत काढायची तर ळ आणि ण यांचं काय करायचं? मराठीत शब्द ळ ने सुरू होत नाही, ण नेही होत नाही. ही अक्षरं नेहमी कोणाच्या तरी मागून येतात. मिसळ, खानावळ, गूळ, दिवाळी, लोणी, आठवण. म्हणजे एकटा ळ पानाच्या मध्यभागी मोठा काढून सजवला, तर तो जगात कुठेच तसा नसतो. त्याला डावीकडे कोणीतरी हवंच. आणि डावीकडचं अक्षर बदललं की त्याची जागा बदलते: ‘मिसळ’मधला स आणि ‘गूळ’मधला दीर्घ उकार वाहणारा ग, या दोघांच्या शेजारी ळ वेगवेगळा श्वास घेतो. त्या आठवड्यापासून मी वहीत एकटं अक्षर काढणं सोडून दिलं आणि अक्षर ज्या शब्दात सापडलं तो सबंध शब्द काढायला लागले. वेळ जास्त लागायचा. पण माझ्या दृष्टीने आव्हानाला खरा अर्थ तिथे आला. देवनागरीत अक्षरं एका शिरोरेषेखाली राहतात. एकाचं पोट किती मोठं करायचं हे शेजारच्याला विचारून ठरवावं लागतं.

ळ मला मिळाला तो मार्केट यार्डात, भुसार विभागात, गुळावरच्या गोणपाटावर. पत्र्यात अक्षरं कापलेला साचा गोणपाटावर धरायचा आणि शाईचा ब्रश वरून दाबत न्यायचा, की क्षणात नाव उमटतं. हे काम हजार वेळा डोळ्यांसमोरून गेलं असेल. ळ च्या निमित्ताने पहिल्यांदा थांबून बघितलं. साच्यात अक्षर कापताना एक अडचण असते. ज्या अक्षराला बंद पोट आहे त्याचं पोट सबंध कापलं तर मधला पत्रा गळून पडतो. म्हणून कुठेतरी बारीक पूल ठेवावा लागतो, पोटातल्या पत्र्याला बाहेरच्या पत्र्याशी धरून ठेवणारा. ळ ला तर दोन पोटं. साचा कापणाऱ्याने दोन्ही पूल वरच्या बाजूला, शिरोरेषेजवळ ठेवले होते आणि शिरोरेषाही सलग न ठेवता प्रत्येक अक्षरापुरती तोडली होती. त्यामुळे ळ चे दोन्ही डोळे उघडे राहिले आणि शाई पसरली तरी अक्षर वाचता येत होतं. हा निर्णय कोणत्या पुस्तकात वाचून घेतलेला नव्हता. पत्रा, शाई आणि गोणपाट यांनी मिळून तो घ्यायला लावला होता. मी ते अक्षर वहीत उतरवलं तेव्हा पुलांच्या जागा बदलून पाहिल्या. खाली ठेवला की ळ मोडल्यासारखा दिसतो. बाजूला ठेवला की त्याचा ठ होऊ लागतो. वरच ठेवायला हवा.

ष घरातच मिळाला, आजीच्या माहेरहून आलेल्या पितळी डब्यावर, आजीच्या नावात. आपल्या घरांतल्या भांड्यांवर किती लिहिलेलं असतं! लग्नाची तारीख, कोणाकडून कोणाला, कै. अमक्यांच्या स्मरणार्थ. मराठी घराची वंशावळ फडताळात उपडी घातलेली असते. तो ष बारीक बारीक टिंबांचा होता. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून नावं घालणाऱ्या एका काकांना मी तो डबा नेऊन दाखवला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि म्हणाले, “ताई, हे छिन्नीचं काम. आता आमच्या हातात मशीनचं पेन. पेन वळतं, छिन्नी वळत नाही. छिन्नीनं गोल काढायचा म्हणजे टिंबं जवळ जवळ आणायची.” मी विचारलं, “काका, आधी खुणा करायचे का?” “खुणा कशाला? भांडं हातात आलं की नाव कुठं बसणार ते दिसतं.” डब्याच्या पोटाचा बाक कुठे संपतो, तिथपर्यंत किती अक्षरं मावतील, हे त्यांना न मोजता कळतं. आम्ही पडद्यावर ओळी आखतो, मोजमापं लावतो, आणि तरी नाव एका बाजूला झुकतं.

कारागिरांत मला सर्वांत जास्त वेळ बसू दिलं ते एका पेंटरनी. कसब्याच्या बाजूला एका जुन्या दुकानाची पाटी ते पुन्हा रंगवत होते. दोरीला खडूची पूड लावून त्यांनी दोन सूतं मारली, एक शिरोरेषेसाठी, एक पायासाठी. मग डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकलेलं, चपटा ब्रश. सगळी अक्षरं शिरोरेषेविना उभी झाली. मधल्या जागा त्यांनी दोन पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून पाहिल्या. एका अक्षराचा काना थोडा सरकवला. शिरोरेषा सगळ्यांत शेवटी, एका दमात. “ती आधी मारली की मग अक्षरांना हलता येत नाही, ताई,” ते म्हणाले. संगणकावर फाँट वापरणाऱ्याला हा क्रम कधी कळतच नाही, कारण तिथे शिरोरेषा अक्षराबरोबर जन्माला येते आणि पुढच्याला आपोआप चिकटते. त्या दिवसापासून माझ्या वहीत शिरोरेषा शेवटी येते. आणि ती येईपर्यंत अक्षरांमधल्या जागा जितक्या स्वच्छ दिसतात तितक्या नंतर दिसत नाहीत.

रस्त्यावर नव्या हातांचं कामही आहे, आणि त्याकडे मी तेवढ्याच आदराने बघते. रेडियमवाले मोटरसायकलींवर, टेम्पोवर जी अक्षरं कापून लावतात त्यांत कधी कधी थक्क व्हावं अशी कल्पकता असते. गाडीचा क्रमांक ४१४१ असेल तर त्याचे इंग्रजी आकडे असे वळवायचे की ‘दादा’ वाचलं जावं. २१४ चं ‘राम’ करायचं. क्रमांकाच्या पाटीवर असं करणं कायद्याला मान्य नाही आणि ते योग्यच आहे, कारण तो क्रमांक संकटाच्या वेळी अनोळखी माणसाला वाचता आला पाहिजे. पण आकड्याच्या पोटात देवनागरी अक्षर दिसणं, ही नजर कुठल्याही कलाशाळेत कौतुकाने पाहिली जाईल. द काढण्याच्या दिवशी मी ती ‘दादा’ची जोडी वहीत काढली. चारची आडवी रेघ शिरोरेषा कशी होते हे काढल्यावरच समजतं.

रात्री उतरवायला बसले की एक जुनं मार्गदर्शन माझ्या मनात असायचं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. समर्थांनी सतराव्या शतकात त्यात जे सांगितलं ते आज टायपोग्राफीच्या वर्गात जसंच्या तसं शिकवता येईल. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटपर्यंत काढावं, सबंध ग्रंथ एका लेखणीने लिहिल्यासारखा दिसावा. पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. आणि तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. मध्यम आकाराचं लिहावं. समास म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांची आणि कागदाच्या आयुष्याची काळजी आहे, लिहिणाऱ्याच्या हौसेची नाही. आजच्या रोजच्या आव्हानांत प्रत्येक दिवसाचं अक्षर कालच्यापेक्षा वेगळं, चमकदार असावं असा ओढा असतो. त्याला माझा विरोध नाही; त्यातून फार सुंदर कामं झाली आहेत. पण मला समर्थांचं म्हणणं जास्त अवघड वाटतं. रोज वेगळं काढता येतं. कालच्या म शेजारी आजचा भ असा काढायचा की दोघं एकाच हातचे वाटावेत, याला रियाज लागतो.

ज्यांच्याकडे मराठी अक्षर बघायला शिकावं अशा माणसांकडून हा रियाज त्यांच्या कामानेच करून घेतला होता. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी वर्षानुवर्षं हाताने अक्षरं काढली. वर्तमानपत्रातल्या छोट्याशा चौकोनात नाटकाचं नाव असं उभं असायचं की ते ऐतिहासिक आहे की कौटुंबिक की रहस्याचं, हे वाचण्याआधी कळावं. वर्तमानपत्र उद्या सकाळी निघणार म्हणजे निघणार. ती मुदत कोणाची मर्जी पाहत नाही. ‘माझी अक्षरगाथा’ हे त्यांचं पुस्तक माझ्या टेबलावर असतं. र. कृ. जोशींनी जाहिरात क्षेत्रात काम केलं, पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइनच्या केंद्रात विद्यार्थी घडवले, आणि विंडोजबरोबर लाखो संगणकांवर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांच्या हातचा. कार्यालयांत मराठी टाइप करणारी असंख्य माणसं त्यांचं नाव न जाणता त्यांच्या अक्षरात लिहीत आली. आणि आपल्या काळातलं एक काम मला फार आवडतं, ते ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’. त्यात अक्षरं इतकी गुबगुबीत आहेत की पोटातली पांढरी जागा रेघेपुरती उरते, आणि तरी प्रत्येक अक्षर ओळखू येतं. अक्षरातलं पांढरं किती कमी करता येतं याची ती परीक्षाच आहे. गोणपाटावरच्या ळ नंतर मी ‘मोदक’मधला ळ पाहिला तेव्हा पत्रा कापणारा माणूस आणि हा फाँट करणारे एकाच प्रश्नावर काम करत होते, हे स्पष्ट दिसलं.

याने माझ्या धंद्याच्या कामात काय बदललं? वेग वाढला, असं लोकांना वाटतं. वेग तेवढा वाढला नाही. बदल झाला तो नकार देण्यात. पूर्वी लोणच्याच्या लेबलासाठी मी दहा फाँट लावून पाहायची आणि गिऱ्हाइकापुढे तीन ठेवायची. आता पहिले सात मी स्वतःच बाजूला काढते, आणि का काढले ते सांगू शकते: यात ‘लिंबू’तल्या बचं पोट बुजतं, यात अनुस्वार वेलांटीला चिकटतो, यात ल आपला नाही. गिऱ्हाईक ऐकतं. माणसाला कारण सांगितलं की तो रंगाचा हट्टसुद्धा सोडतो, हा माझा अनुभव आहे. आणि जेव्हा कुठलाच फाँट बसत नाही तेव्हा मी नाव हाताने काढते, शिरोरेषा शेवटी ठेवून. हे धाडस वहीशिवाय आलं नसतं.

वही मी कोणाला दाखवण्यासाठी भरली नाही, पण जे दाखवतात त्यांचंही मला कौतुक आहे, कारण रोज कोणीतरी वाट बघत असलं की उठून बसायला बळ मिळतं. एवढंच वाटतं की टाळ्यांसाठी अक्षर निवडलं जाऊ नये. टाळ्या अ ला मिळतात, श्री ला मिळतात. ङ ला कोण टाळी वाजवणार? पण ‘वाङ्मय’ लिहायचं तर तो लागतोच.

हे सगळं आज सांगायला एक तातडीचं कारण आहे. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत असल्या पाहिजेत, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांहून लहान असता कामा नयेत, असा कायदा आहे. २०२२ मध्ये तो छोट्या दुकानांनाही लागू झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दुकानदारांना दिलेली दोन महिन्यांची मुदत त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संपली. मराठीसाठी ते चांगलंच झालं. पण थोड्या अवधीत हजारो पाट्या करायच्या तर संगणकात समोर असेल तो फाँट घेतला जातो. कायद्यात आकार सांगितला आहे. अक्षराचं वळण त्यात सांगता येत नाही. ते आपल्यालाच पाहावं लागणार. आणि त्याच गडबडीत पेंटरच्या हातच्या जुन्या पाट्या उतरताहेत, फ्लेक्सच्या मागे जाताहेत, भंगारात जाताहेत.

म्हणून ही विनंती, विशेषतः उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना आणि डीटीपीचं काम करणाऱ्या माझ्या भावाबहिणींना. उद्या घरातून निघताना एक अक्षर ठरवून निघा. ते रंगवलेल्या पाटीवर शोधा. नाही सापडलं तर भांड्यावर, पोत्यावर, देवळातल्या देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर सापडेल. फोटो घ्या, पाटी कोणी रंगवली ते दुकानदाराला विचारा आणि ते नाव लिहून ठेवा. रात्री तो शब्द काळ्या शाईत उतरवा. ग पासून सुरुवात केलीत तर सोपं जाईल. आणि तुमच्या गावात हाताने पाट्या रंगवणारे कोणी काका अजून काम करत असतील, तर तुमच्या पुढच्या कामाची पाटी त्यांच्याकडून करून घ्या.